तलावाकाठी झाड निवडताना ते काय गाळते, ते आधी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घराच्या परसात किंवा शेतघरावर पोहण्याचा तलाव बांधणे आता कोल्हापूरकरांना नवे राहिलेले नाही. पन्हाळा, राधानगरी, गारगोटी अशा कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, निळ्या टाइल्सचा एखादा तुकडा कुंपणाआडून दिसतोच. तलावाचे खोदकाम, स्लॅब, वॉटरप्रूफिंग, फिल्टर यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. झाडे मात्र वास्तुशांतीची तारीख जवळ आली की शेवटच्या आठवड्यात टेम्पोभर आणली जातात, तीही मोबाइलवरचा फोटो दाखवून. पाच-सात वर्षांनी त्यातली निम्मी झाडे तोडायची वेळ येते. वाढलेले, सावली देणारे झाड केवळ चुकीच्या जागी लावले म्हणून जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते. जूनच्या लागवडीसाठी खड्डे काढण्याआधी मालकांनी, आर्किटेक्टांनी आणि रोपवाटिकावाल्यांनी थोडा विचार करावा, म्हणून हे पत्र.

आधी मुळांविषयी. मूळ धडधाकट काँक्रीट फोडत नाही. ते ओल शोधत जाते आणि जिथे आधीच सांधा सुटला आहे, केसाएवढी चीर पडली आहे, तिथे शिरते आणि मग जाड होते. आपल्याकडच्या जुन्या विहिरी आठवा. घडीव दगडांच्या सांध्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले उंबराचे बी रुजते आणि काही वर्षांत दोन माणसांना न हलणारा दगड जागचा सरकलेला दिसतो. वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, रबर आणि कुंडीत गोंडस दिसणारा फायकस ही सगळी एकाच कुळातली मंडळी. तलावापासून 15 मीटरच्या आत यातले एकही नको. कुंपणाला झटपट हिरवी भिंत म्हणून लावला जाणारा कॉनोकार्पसही याच रांगेत धरावा. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. निलगिरी आणि सिल्व्हर ओक यांनाही लांब ठेवा. गुलमोहराची मुळे वरवर पसरतात, काठाच्या फरशा उचलतात.

पहिला घाव बहुतेक वेळा तलावाच्या भिंतीवर बसत नाही, पाइपावर बसतो. पंपघराकडे जाणाऱ्या पीव्हीसी पाइपांची चारी पुन्हा बुजवताना माती सैल राहते, ओल धरते. मुळांना तो तयार रस्ताच मिळतो. एखाद्या कोपऱ्याच्या जोडातून थेंब थेंब पाणी येत असले, की मूळ नेमके तिथे पोचते. म्हणून पाइपलाइन कुठून गेली आहे, याचा नकाशा माळ्याच्या हातात हवा. बांधकाम चालू असतानाच चारीचे मोजमाप टाकून फोटो काढून ठेवला तर पुढे पाच वर्षांनीही उपयोगी पडतो.

पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट घडते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोठे झाड एका बाजूची ओल शोषून घेते, त्या बाजूची माती जास्त आकसते, आणि काठाची फरशी एका कडेला खचते. मालकाला वाटते, गवंड्याने काम वाईट केले. गवंड्याचा दोष असेलही. पण त्या कडेला 3 मीटरवर काय लावले आहे, ते आधी पाहावे.

अंतराचा ढोबळ हिशेब असा: लहान झाड, म्हणजे पूर्ण वाढीला 4 ते 5 मीटर उंची, तलावाच्या काठापासून किमान 3 मीटर. मध्यम झाडाला पूर्ण वाढलेल्या घेराचा (म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याच्या रुंदीचा) निम्मा भाग अधिक दीड मीटर. मोठ्या झाडाला 10 मीटर. जागा कमी असेल तर मुळांना आडवा पडदा घालता येतो: एक ते दोन मिलिमीटर जाडीची एचडीपीई (टणक प्लॅस्टिक) शीट, 60 ते 90 सेंटिमीटर खोल, तलावाच्या भिंतीपासून आणि पाइपांपासून बाहेरच्या बाजूला, सरळ रेषेत. शीटची वरची कड जमिनीच्या वर 5 सेंटिमीटर राहिली पाहिजे, नाहीतर मूळ वरून उडी मारते. जोड नुसते एकमेकांवर ठेवून भागत नाही, ते गरम करून चिकटवावे लागतात. झाडाभोवती गोल शीट मात्र कधीही गुंडाळू नका. मुळे आतच गरगर फिरतात आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्याला झाड आडवे होते.

आता गळणाऱ्या पाल्याकडे येऊ, कारण रोजचा त्रास याचाच. पाने मोठी की लहान, यावर सगळे अवलंबून असते, आणि लोकांचा अंदाज इथे उलटा असतो. मोठ्या पानाला घाबरतात, बारीक पानाचे झाड आणतात. गुलमोहराचे एक पर्णदल जेमतेम एक सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. स्किमरच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या तोंडाच्या, टोपलीची भोके त्याहून रुंद. ते उभे होऊन आरपार जाते, पंपाच्या अलीकडच्या गाळणीत बसते, आणि एका रात्रीत तिथे नमद्यासारखा हिरवा थर जमतो. पाणी ओढले जात नाही, पंप हवा घेऊ लागतो, काचेच्या झाकणाखाली बुडबुडे दिसतात, फिल्टरवरच्या गेजचा (दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा नेहमीपेक्षा खाली येतो. पंप तसाच तासभर चालू राहिला तर सील तापून जळते. फिल्टरमधली वाळू तुंबली तर काटा उलट वर चढतो. स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा 8 ते 10 पीएसआय (दाबाचे एकक) वर गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलट सोडून वाळू धुवायची. काटा खाली म्हणजे पंपाच्या अलीकडे अडथळा, काटा वर म्हणजे फिल्टरमध्ये. एवढे पाठ असले तरी निम्मा खर्च वाचतो. पीतमोहर, चिंच, शेवगा, शंकासुर, रेन ट्री हे सगळे याच बारीक पानांच्या जातीचे. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंट येतात, ते वेगळेच.

देशी बदामाचे पान मोठे, उचलायला सोपे, पण त्यात टॅनिन भरपूर. लाल झालेले पान रात्रभर फिकट टाइलवर बसून राहिले की सकाळी पान उचलल्यावर त्याच आकाराचा तपकिरी ठसा मागे राहतो, देठासकट. असा डाग क्लोरीनने आणि ब्रशने फिका होतो. क्लोरीनने गेला नाही तर तो पाल्याचा नाही, लोखंडाचा आहे असे समजा. पाण्यात कुजणारा पाला क्लोरीन खातो आणि शेवाळाला खत पुरवतो. काठावर पाला पडत असताना नुसती क्लोरीनच्या गोळ्यांची संख्या वाढवण्यात अर्थ नाही. मुक्त क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि पीएच 7.2 ते 7.6 राखायचा तर आधी पाला काढा.

फळांचे म्हणाल तर जांभळाने जूनमध्ये काठ जांभळा होतो आणि गांधीलमाशा येतात. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडले की चिकट थेंब गळतात, त्यावर काळी बुरशी धरते, आणि अनवाणी पायांनी ती तलावात जाते. उंच, सरळ वाढतो म्हणून सर्रास लावला जाणारा आसुपालव, ज्याला आपण नुसते अशोक म्हणतो, त्याच्या फळांवर रात्री वटवाघळे येतात. सकाळी पाण्यात चघळलेल्या बिया आणि विष्ठा. बदामावरही तेच. झाडे मुळातून वाईट आहेत असे नाही. कुंपणाच्या पलीकडे, रस्त्याकडेला ती खुशाल असावीत.

पोहणारा माणूस उघड्या अंगाने, अनवाणी, आणि पुष्कळदा लहान असतो. म्हणून काटे, चीक आणि विष यांचा विचार बागेत इतरत्र करतो त्याहून कडक हवा. कण्हेर ऊन, कमी पाणी, क्लोरीनचे शिंतोडे सगळे सोसते, म्हणून तलावाकाठी हमखास सुचवली जाते. तिचे पान, फूल, साल, मूळ सगळेच विषारी आहे आणि हृदयावर परिणाम करते. पिवळी बिट्टी त्याहून धोक्याची, कारण तिची गुळगुळीत फळे मुले खेळायला घेतात. ज्या घरात मुले येतात-जातात तिथे ही दोन्ही नकोतच. भेर्ली माड दिसायला राजबिंडा, पण त्याच्या फळांच्या गराने अंगाला भयंकर खाज सुटते. तो गर पाण्यात पडला तर विचारायला नको. घायपाताच्या पानाचे टोक नेमके मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. बोगनवेलीला काटे आहेत, शिवाय तिची कागदी फुले वाऱ्याने सगळी पाण्यावर येतात. बांबूच्या कोवळ्या कोंबांवरच्या आवरणाची बारीक लव अंगात रुतते, आणि बेट बारा महिने पाने गाळते.

मग लावायचे काय? त्याआधी ऊन आणि वारा पाहावा लागतो. कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे 50 अंशांवर असतो, म्हणजे 6 मीटर उंच झाडाची सावली उत्तरेला 5 मीटर पडते. दक्षिणेच्या काठावर सदाहरित दाट झाड लावले तर थंडीत तलावाला दुपारीही ऊन मिळत नाही, पाणी गार पडते आणि कोणी उतरत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य डोक्यावर असतो; तेव्हा दक्षिणेच्या झाडाचा दुपारी काही उपयोगच नसतो. उन्हाळ्यात सावली हवी असते ती साडेतीननंतर, पश्चिमेकडून. पण पावसाळी वाराही पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि उन्हाळ्यातल्या दुपारचा वाराही बहुधा पश्चिमेचाच. त्यामुळे गाळणारे झाड पश्चिमेला लावले की त्याचे सगळे तलावात. आमचे मत असे: पश्चिमेला न गळणारी दाट झुडपे आणि पाम, दक्षिणेला थंडीत पाने टाकणारे लहान झाड, आणि जे काही गाळणारे पण हवेच असे झाड असेल ते पूर्वेला, वाऱ्याच्या पलीकडे. पश्चिमेची झुडपांची भिंत वारा अडवते, त्याने बाष्पीभवनही कमी होते.

दक्षिणेसाठी चाफ्यासारखे झाड नाही. आपला देवळातला पांढरा चाफा थंडीत पाने टाकतो आणि ऊन खाली येऊ देतो. त्याचे पान वीतभराहून लांब, हाताने उचलता येते, आणि पानगळ काही आठवड्यांत आटोपते. फूल अख्खे पडते, पाण्यावर तरंगते, जाळीच्या एका फेरीत निघते. मुळे सौम्य. दोष दोन: चीक त्वचेला लागतो, म्हणून फांदी वाटेवर येऊ देऊ नये, आणि पावसाळ्याच्या अखेरीस पानांच्या मागे तांबेरा पडतो, नारिंगी पूड दिसते. तशी पाने गोळा करून तलावापासून लांब नेऊन पुरावीत. चाफा रोप घेऊनच लावला पाहिजे असे नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दीड-दोन फुटांची जून फांदी कापा, आठवडाभर सावलीत पडू द्या म्हणजे चीक सुकून तोंड बंद होते, मग लावा. ताजी फांदी लगेच मातीत खुपसली तर बुडातून कुजते. बारमाही हिरवा हवा असेल तर सिंगापुरी चाफा घ्या, तो दक्षिणेला मात्र नको.

पाममध्ये मुळे तंतुमय असतात, जाड होत नाहीत, म्हणून फरशी उचलण्याची भीती कमी. बॉटल पाम आणि शॅम्पेन पाम ठेंगणे, हळू वाढणारे. काठापासून 2 मीटरवर चालतात. फॉक्सटेल पाम सुंदर, वाळलेली झावळी आपोआप टाकतो; फक्त फुलोरा दिसला की कापावा, म्हणजे फळे पडत नाहीत. रॉयल पामची झावळी वजनदार असते आणि उंचावरून येते, ती बसण्याच्या जागेवर नको. नारळ लावायचाच असेल तर 6 मीटर लांब, आणि नारळ वेळेवर उतरवणारा माणूस ठरलेला हवा.

पूर्वेला सीता अशोक फार चांगला. आपल्या सह्याद्रीतला, सदाहरित, हळू वाढणारा, फुले झुपक्यात. बकुळही चालेल, पण 5 ते 6 मीटरवर, कारण तिची इवली फुले रोज सडा घालतात. सुरंगी कोणाला मोहात पाडत असेल तर तिच्या बहरात मधमाश्या किती येतात, ते एकदा पाहून यावे.

झुडपांत तगर, कुंती, अनंत, एक्झोरा, क्रोटन, ड्रॅसीना आणि पाणथळ कोपऱ्यात सोनटक्का, कर्दळ. शिंतोडे पडतात त्या पहिल्या ओळीत स्पायडर लिली; ती क्लोरीनही सोसते आणि मिठाच्या पाण्यालाही दाद देत नाही. कुंतीला कात्री लावून कुंपण ठेवले तर फुले कमी येतात आणि पाकळ्यांचा त्रासही कमी. तगरीवर निळ्या डोळ्यांचा जाड हिरवा सुरवंट दिसला तर घाबरू नका, चावत नाही. हाताने उचलून बाजूला ठेवा. तलावाच्या कडेला फवारणी करायची वेळ येऊच नये, आणि आलीच तर पाणी झाकून करा. जास्वंदीला मिलीबग (पिठ्या ढेकूण) येतो, त्यामागे मुंग्या, म्हणून ती मागच्या ओळीत.

एक्झोराबाबत नेहमी एक तक्रार येते: रोपवाटिकेत हिरवागार होता, आमच्याकडे पिवळा पडला. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपली काळी माती अल्कधर्मी असते, तिच्यात लोह असूनही झाडाला मिळत नाही. युरिया टाकून ते बरे होत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातले) द्यावे, शेणखत वाढवावे. हिराकस (फेरस सल्फेट) वापरणार असाल तर तिचा एक कणही काठाच्या फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे ठिपके कायमचे बसतात. पन्हाळ्याकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत हाच एक्झोरा आणि अनंत विनातक्रार वाढतात.

लागवडीत सगळ्यात जास्त रोपे मरतात ती पाण्याअभावी नाही, पाण्यात बुडून. काळ्या मातीत दोन-दोन फुटांचा खड्डा काढून त्यात भुसभुशीत मिश्रण भरले की जुलैत तो खड्डा हौद होतो. भोवतालची चिकट माती पाणी सोडत नाही आणि मुळे कुजतात. खड्ड्यातलीच माती निम्म्याहून जास्त वापरा, त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि पावशेर निंबोळी पेंड मिसळा, आणि रोप जमिनीपेक्षा 15 ते 20 सेंटिमीटर उंचवट्यावर लावा. जांभ्यात उलट, तिथे मीटरभर खड्डा फोडावाच लागतो. आधाराला दोन काठ्या, सुतळी आठच्या आकड्यात, सैल. वाफ्याची पातळी काठाच्या फरशीपेक्षा 5 ते 10 सेंटिमीटर खाली, उतार तलावापासून बाहेर, मध्ये छोटी गटार. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तांबडे-काळे पाणी तलावात.

आच्छादनाला आपल्याकडे उसाचे पाचट फुकट मिळते आणि शेतात ते उत्तमच. तलावाकाठी मात्र नको. वाऱ्याने उडते, स्किमरच्या तोंडाशी आडवे अडकते. काठालगतच्या मीटरभर पट्ट्यात जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणाऱ्या जाड कृत्रिम) कापडावर 20 मिलिमीटरची खडी अंथरा. गळीत हंगामात शेजारच्या फडात पाचट पेटवले की काजळी पाण्यावर येते, तिला कोणतेही झाड अडवत नाही. त्या दिवसांत तलाव जाळीने नव्हे, ताडपत्रीने झाका. पाणी ठिबकने द्या, ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर एका रोपाला पुरतात. मुसळधार पावसाच्या तोंडावर रासायनिक खत टाकले की ते वाहून तलावात येते आणि तिसऱ्या दिवशी पाणी हिरवे होते.

बॅकवॉशचे पाणी एकाच झाडाच्या बुडाशी सोडू नका. मिठावर चालणाऱ्या क्लोरिनेटरच्या तलावात 3000 ते 4000 पीपीएम मीठ असते. पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर आधी हे तपासा. तसेच ते पाणी थेट ओढ्यात सोडणे तर अजिबात बरोबर नाही. आपले ओढे शेवटी पंचगंगेलाच मिळतात. शोषखड्डा करा.

ज्यांच्याकडे चुकीचे झाड आधीच उभे आहे, त्यांनी लगेच कुऱ्हाड उचलू नये. तलावाचे पाणी कमी होते म्हणजे मुळांनीच भोक पाडले असे नाही. उन्हाळ्यात दिवसाला 6 ते 8 मिलिमीटर पाणी नुसते उडून जाते. 8 बाय 4 मीटरच्या तलावात तेच दोनशे-अडीचशे लिटर होते. वरच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात तलावाचेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरा, खुणा करा, कोणी उतरू नका, 24 तासांनी दोन्ही खुणा पाहा. दोन्ही सारखे उतरले तर गळती नाही. तलाव जास्त उतरला तर एक दिवस पंप बंद ठेवून आणि एक दिवस चालू ठेवून पुन्हा मोजा. चालू असताना जास्त उतरत असेल तर गळती पाइपात आहे, आणि चारी उघडून जोड दुरुस्त केला, मूळ तेवढेच कापले, पडदा घातला, तर झाड राहू शकते. मोठी मुळे एकाच वर्षी दोन बाजूंनी कापू नका. शहर हद्दीत झाड तोडायचे तर 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती आपल्याच आवारातल्या झाडालाही लागते.

रोपवाटिकावाल्यांना आमची विनंती आहे की रोपाच्या पाटीवर नाव आणि किंमत यांसोबत चार गोष्टी लिहाव्यात: पूर्ण वाढीची उंची व घेर, पाने कधी आणि कशी गळतात, फळ धरते का, चीक किंवा काटा आहे का. आर्किटेक्टांनी तलावाच्या नकाशावरच झाडांच्या जागा पूर्ण वाढीच्या घेरासह काढाव्यात. आणि चुकीच्या जागी चाफा असेल तर तो हलवता येतो. फेब्रुवारीत, पाने नसताना, फांद्या निम्म्या छाटून, मुळांचा गड्डा पोत्यात बांधून उचला. नव्या जागी लावल्यावर पहिले आठ दिवस पाणी अगदी बेताने द्या.

आपले,
बागबांधणी आणि तलाव देखभालीच्या कामातले काही कारागीर,
कोल्हापूर